प्रोग्रेसिव्ह चष्मा लावल्यापासून आईची शेवटची पायरी चुकते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई ६९ वर्षांची. दीड महिन्यापूर्वी तिला पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच भिंगात वर लांबचा, खाली जवळचा नंबर) केला. वाचन, टीव्ही, सगळं छान चाललंय. पण जिना उतरायची तिने धास्ती घेतली आहे. पूर्वी भराभर उतरायची, आता कठडा घट्ट धरून अंगठ्याने पुढची पायरी चाचपते. परवा जिना संपला असं समजून पाऊल टाकलं, आणखी एक पायरी होती. मी शेजारी होते म्हणून दंड धरता आला. अजून छातीत धडधडतं.

बीपी, शुगर, कान तपासून झाले, सगळं ठीक आहे. सपाट रस्त्यावर नीट चालते. म्हणून काल मुद्दाम जिन्यात तिच्याकडे बघत राहिले. मान ताठ, नुसती नजर खाली. म्हणजे भिंगाच्या खालच्या, वाचनाच्या भागातूनच ती पायरी बघते. तो भाग साधारण ४० सेंमीवरच्या पुस्तकासाठी, आणि पायरी डोळ्यांपासून दीड-दोन मीटरवर! त्यात आमच्या जिन्याला काळा कडप्पा. दिवेलागणीला पायरीची कड मलासुद्धा दिसत नाही.

मला वाटायचं, माणूस पायाखाली बघून चालतो. तसं नाही. खडबडीत वाटेवर नजर दोन-तीन पावलं पुढे असते, पाय उचलण्याआधीच अंदाज घेऊन झालेला असतो. तो अंदाजच चुकला तर पाय काय करणार?

दुकानदार म्हणतात, सवय होईल. पण तोवर ती पडली तर? चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा कुणी केलाय का? पायऱ्यांना पट्टी लावून फरक पडतो का?

प्रतिसाद:
ताई, सवयीची वाट बघू नका. माझ्या वडिलांना बायफोकलने हाच त्रास झाला, वेगळ्या चष्म्याने थांबला. २०१० साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. नेहमी घराबाहेर फिरणाऱ्या ज्येष्ठांना असा चष्मा दिल्यावर त्यांचं पडणं कमी झालं, पण क्वचितच बाहेर जाणाऱ्यांचं घराबाहेर धडपडण्याचं प्रमाण उलट वाढलं. तेव्हा आई रोज किती फिरतात हे डॉक्टरांना आधी सांगा. काचबिंदूसाठी दृष्टिक्षेत्राची तपासणीही करून घ्या, खालच्या बाजूचं दिसणं कमी झालं तरी पायरी चुकते. पट्टी जरूर लावा, पण अगदी कडेला. इंचभर आत लावलीत तर तीच कड वाटते आणि पाय फसतो.

धागाकर्ती:
मनापासून आभार. पांढरी पट्टी आजच आणते. तोवर आईला हनुवटी खाली घेऊन, भिंगाच्या वरच्या भागातून बघायला सांगितलंय.