पॉइंटवाला सिंगतेलाचा डबा खरंच स्वस्त पडतो का?

दांडियाबाजारची_वहिनी

वडोदऱ्यातल्या मंडळींना विचारतेय, बाहेरच्यांनीही जरूर सांगा.

दिवाळी झाली, नवं सिंगतेल (शेंगदाण्याचं तेल) बाजारात आलं, की आमच्याकडे डबे भरून ठेवायची पद्धत आहे. माझा डबा नेहमीप्रमाणे हाथीखाना बाजारातल्या आमच्या ठरलेल्या व्यापाऱ्याकडून आला, २७०० रुपयांना. त्याच आठवड्यात जाऊबाईंनी एका मोठ्या सुपरमार्केटमधून २५५० ला आणला, वर ३०० पॉइंट. झालं, घरात जो तो मलाच ऐकवायला लागला की त्या गर्दीत रिक्षा करून कशाला जातेस, इथे एसीत स्वस्त मिळतंय.

मी दोन्ही डबे ओट्याखाली शेजारी शेजारी ठेवले. पत्रा तसाच, पुढे शेंगांचं चित्र तसंच, उंचीत बोटभराचा फरक. १५ हा आकडा दोन्हींवर ठळक. मग चष्मा लावून मागची बाजू वाचली. माझ्या डब्यावर निव्वळ वजन १५ किलो. जाऊबाईंच्या डब्यावर १५ लिटर, आणि त्याखाली बारीक अक्षरात १३.६५ किलो. म्हणजे १ किलो ३५० ग्रॅम तेल कमी! आमच्या चौघांच्या घरात एवढं तेल दोन-तीन आठवडे पुरतं.

हिशेब मांडला. माझं तेल १८० रुपये किलो पडलं, त्यांचं जवळजवळ १८७. पॉइंटांचं म्हणाल तर ४ पॉइंटांचा १ रुपया, म्हणजे ३०० चे ७५. ते वजा केले तरी १८१ च्या वर जातं. शिवाय ते ७५ रुपये हातात येत नाहीत. पुढचं बिल १००० च्या वर हवं, ९० दिवसांच्या आत हवं, आणि तेल, साखर, दुधावर चालत नाहीत. रोज लागतं तेच वगळलंय.

मला विचारायचंय ते असं. डबा लिटरमध्ये विकणं कायद्यात बसतं का? दुकानाबाहेरच्या पाटीवर नुसतं ‘१५ चा डबा फक्त २५५०’ लिहिलंय, किलो नाही, लिटर नाही. हे चालतं? आणि काउंटरवर मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल निघत नाही असं सांगतात, ते खरं आहे का?

हिशेबनीस_मांडवी

वहिनी, तेलाच्या पेढीवर मी बरीच वर्षं वह्या लिहिल्या आहेत, म्हणून सांगतो. तुमचा हिशेब बरोबर आहे. तेल पाण्यापेक्षा हलकं, १ लिटरचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. १५ लिटर म्हणजे १३.६५ किलो, आणि १५ किलो म्हणजे जवळपास साडेसोळा लिटर. गुजरातेत डब्याचा भाव म्हटला की पिढ्यान्‌पिढ्या १५ किलोचाच धरतात. ती सवय ग्राहकाच्या डोक्यात पक्की आहे, म्हणून १५ हा आकडा दिसला की कोणी पुढे वाचत नाही.

लिटरमध्ये विकायला बंदी नाही. तुम्हाला ते बारीक अक्षरातलं वजन दिसलं त्यालाही कारण आहे. तेल तापलं की फुगतं. काही कंपन्या ‘६० अंश तापमानाला अमुक लिटर’ असं छापायच्या. तापमान जास्त धरलं की तेवढ्याच लिटरात वजन कमी भरतं. सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं की तापमान न लिहिता माप छापा, सोबत वजनही द्या, आणि लेबलं सुधारायला १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. तेव्हापासून तुलना करणं सोपं झालंय.

पाकिटावर आता एककाची किंमतही छापावी लागते. पण किलोच्या डब्यावर ती किलोमागे असते आणि लिटरच्या डब्यावर लिटरमागे, त्यामुळे ते दोन आकडे थेट शेजारी ठेवू नका. लिटरचा भाव ०.९१ ने भागा, किलोचा भाव मिळेल. पाउच घेतानाही हेच करा, सगळ्याच पाउचमध्ये आता पूर्ण लिटर नसतं.

रावपुरा_काउंटर

मी अशाच एका दुकानात बिलिंगला होतो (हे दुकान नव्हे). नंबराशिवाय बिल निघतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय होती, पण रोज किती नंबर गोळा केले ते वरचे लोक विचारायचे, म्हणून पोरं अडून बसतात. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुकानदारांना सूचनाच दिली होती की मोबाइल नंबरासाठी ग्राहकाची अडवणूक करू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, तेव्हा ‘नंबर नाही तर बिल नाही’ हे बोलणं टिकणारं नाही.

आणखी एक बघा. नंबर दिला नाही तर बिलाच्या तळाशी पॉइंट कोणाच्या खात्यात गेले ते वाचा. काही ठिकाणी काउंटरवरचा मुलगा स्वतःचा नंबर टाकतो.

पाटीचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट. माल किती ते लपवून किंमत दाखवणं म्हणजे दिशाभूल करणारी जाहिरातच. १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत.

लष्करवाली_ग्वाल्हेर

आमच्याकडे सिंगतेल नाही, सरसोंचं चालतं, मुरैना जवळच. पण गोष्ट हीच. लिटर आणि किलोच्या बाटल्या एकाच फळीवर असतात, आकार सारखा.

मात्र सरसकट पॉइंटांच्या विरोधात मी नाही. माझे वडील ऐंशीच्या पुढचे, एकटे राहतात. सुपरमार्केटवाले सामान दारात आणून देतात, बिल छापील असतं. साबण, टूथपेस्ट, घासणी अशा गोष्टी तिथून मागवायच्याच आहेत तर पॉइंट का सोडायचे? तेलाचं तेवढं वेगळं बघते. पॉइंटांसाठी जास्तीची वस्तू टोपलीत टाकायची नाही, एवढं बाबांना सांगून ठेवलंय.

दांडियाबाजारची_वहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबनीस काका, ०.९१ चं गणित किराण्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

काल जाऊबाईंना घेऊन दुकानात गेले. पाटी तशीच होती, फोटो काढला. मॅनेजरला सांगितलं की पाटीवर लिटर लिहा आणि वजनही लिहा. तो म्हणाला, डब्यावर छापलंय ना. मी म्हटलं, डबा आत आहे, माणूस पाटी बघून रस्त्यावरून आत येतो. माझ्यामागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी तेव्हाच हातातला डबा फिरवून मागची बाजू वाचायला घेतली. मॅनेजर ‘वर कळवतो’ म्हणाला. संध्याकाळी १९१५ वर तक्रार नोंदवली, त्यांनी तक्रारीचा क्रमांक दिला आहे. काय होतं ते इथे लिहीन.

ग्वाल्हेरच्या ताई, तुमचं वडिलांचं पटलं. जाऊबाईंचे ७५ रुपये तसेच वापरू. मुदतीच्या आत साबण आणि कपड्यांची पावडर घ्यायचीच आहे. पुढचा डबा मात्र दोघींचा हाथीखान्यातूनच, एकाच रिक्षात.