फोन आणि संगणक आपले ठिकाण परस्पर ठरवतात, त्यावर उपाय काय?

केळीवाला, चोपडा तालुका
घरी फायबरचे इंटरनेट घेतल्यापासून संगणकावरची संकेतस्थळे मला मुंबईकर समजतात. मे महिन्यात इकडे केळीची पाने उन्हाने करपत असताना पडद्यावर मात्र मुंबईचे दमट हवामान झळकत असते. फोनवर लोकेशन सुरू केले, तर चोपड्याच्या बाजारातून घरी पोहोचण्याआधीच ‘ते दुकान कसे वाटले?’ अशी विचारणा येते. म्हणजे एक तर चुकीचे ठिकाण पत्करायचे, नाही तर पाठलाग. यातला मधला मार्ग कोणाला ठाऊक आहे का?

तापीकाठ
दोन्हींची कारणे वेगळी आहेत. संगणकाचे ठिकाण आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून, ताडले जाते. तो पत्ता सेवा देणाऱ्या कंपनीच्या नावावर असतो आणि तिची इंटरनेटची वाहतूक मुंबईतून बाहेर पडत असेल, तर समोरच्याला तुम्ही मुंबईतच दिसता. फोन मात्र जीपीएस, मोबाइलचे टॉवर आणि आसपासची वाय-फाय जाळी यांचा मेळ घालून पार गल्लीपर्यंत पोहोचतो. अँड्रॉइड १२ पासून (२०२१) ॲपला नेमके ठिकाण न देता अंदाजे ठिकाण देता येते. हवामानासाठी तर तेवढेही नको. परवानगी काढून घ्या आणि गावाचे नाव हाताने लिहा.

बुधगावकर
नाव लिहायचे खरे, पण यादीत असेल तेच ना! ‘खानदेश’ कोणत्याही अर्जाच्या यादीत सापडत नाही. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे ते जळगाव आणि धुळे म्हणून ओळखले जाऊ लागले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला, आणि खानदेशच्या जुन्या फारुकी सुलतानांची राजधानी असलेले बुऱ्हाणपूर तर आज मध्य प्रदेशात आहे. अहिराणी बोलणाऱ्याला आपला मुलूख कुठवर ते कळते, यंत्राला पिनकोड लागतो.

पांझराकाठ, साक्री
मला यादीपेक्षा दुसरी गोष्ट खटकते. आमच्याकडच्या पाणीवाटपाच्या फड पद्धतीत बंधारा साऱ्यांचा असतो, कोणत्या फडात (शेतांच्या पट्ट्यात) कोणते पीक घ्यायचे ते शेतकरी मिळून ठरवतात आणि पाटकरी पाणी फिरवतो. (ही पद्धत आता बरीच आटली आहे, हेही खरे.) माझ्या शेताला पाणी उशिरा आले, तर त्याला बांधावर गाठून जाब विचारता येतो. मला मुंबईत नेऊन बसवणाऱ्याला कुठे गाठायचे? परवानगीचे बटण माझ्या हातात दिले आहे, पण बटणापलीकडे काय चालते ते मला दिसत नाही, म्हणून त्याला मी ताबा म्हणणार नाही.

केळीवाला, चोपडा तालुका
तापीकाठ यांच्या सांगण्याप्रमाणे परवानगी काढली. माझे गाव यादीत नव्हते, चोपडा होते, तेवढ्यावर काम भागते. वादळाचा इशारा आता निदान आमच्या बाजूचा दिसतो. संगणकावर बातम्या मात्र आज सकाळीही लोकल उशिरा धावत असल्याच्याच होत्या.