मदत हवी आहे: जॅझच्या या तुकड्यातला सॅक्सोफोनवादक कोण आणि धून कोणती?

श्रवणवेडा:
आमच्या जॅझ ऐकणाऱ्यांच्या गटात नावे झाकून ऐकण्याचा खेळ चालतो. एक जण ध्वनिमुद्रण निवडतो, फाइलवरची सगळी माहिती पुसून ते सर्वांना पाठवतो आणि बाकीच्यांनी केवळ कानांच्या भरवशावर वादक, धून आणि जमल्यास वर्ष सांगायचे असते. या वेळचा एक तुकडा मला अजिबात सुटत नाही. सॅक्सोफोनवादकाचे नाव ओठांवर येऊन थांबते आणि धून पूर्वी अनेकदा ऐकलेली असूनही आठवत नाही. उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचे आहे. लय जलद आहे, ध्वनिमुद्रण जुने आहे आणि सॅक्सोफोन अप्रतिम वाजवला आहे. कृपया नेमके नाव सांगावे. "भरपूर ऐका म्हणजे आपोआप कळेल" हा सल्ला मला यापूर्वीच मिळालेला आहे.

मंद्रसप्तक:
"जलद, जुने आणि अप्रतिम" या वर्णनात १९४० ते १९६५ या काळातले निम्मे जॅझ बसेल. सॅक्सोफोन आल्टो (वरच्या पट्टीचा) आहे की टेनर (त्याहून खालच्या पट्टीचा)? त्याच्याबरोबर आणखी कोणती वाद्ये आहेत? एक आवर्तन, म्हणजे धुनेची एक पूर्ण फेरी, किती बारांचे (ठोक्यांच्या गटांचे) आहे, बारा की बत्तीस? पियानो सतत साथ करतो की मध्येच थांबतो? एवढे कळल्याशिवाय नाव सांगणे म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. तुकडाच इथे चढवता आला तर उत्तम.

श्रवणवेडा:
तुकडा गटाबाहेर देण्यास मनाई आहे. सॅक्सोफोन टेनर आहे. बाकीची वाद्ये नेहमीचीच आहेत. बार मी मोजलेले नाहीत, कारण मला वादकाचे नाव हवे आहे.

कोमल_निषाद:
इतका खटाटोप कशासाठी करायचा, हे मला समजले नाही. शझामसारखे ॲप फोनवर उघडावे आणि ध्वनिवर्धकाजवळ धरावे. काही सेकंदांत वादक, धून आणि अल्बम अशी सगळी माहिती समोर येते.

श्रवणवेडा:
ॲप चालत असते तर मी इथे आलोच नसतो. खेळात ॲपला बंदी आहे.

त्रयस्थ:
ॲपला बंदी आणि चर्चामंडळावर विचारायला मुभा, हा नियम मजेशीर आहे. असो, तो तुमच्या गटाचा प्रश्न.

तबकडी:
या निमित्ताने या खेळाचा इतिहास सांगायला हवा. समीक्षक लेनर्ड फेदर यांनी १९४६ साली मेट्रोनोम या मासिकात "ब्लाइंडफोल्ड टेस्ट" हे सदर सुरू केले आणि पुढे ते डाउन बीट या मासिकात गेले. त्यात वादकांनाच, काहीही माहिती न देता, दुसऱ्यांच्या तबकड्या ऐकवत आणि त्यांची मते छापत. १९५१ साली ट्रंपेटवादक रॉय एल्ड्रिज यांनी दावा केला होता की, वादक गोरा आहे की काळा हे आपण नुसते ऐकून सांगू शकतो. प्रत्यक्ष चाचणीत त्यांचे अंदाज वारंवार चुकले. कान काय सांगतो आणि आपण त्याच्या तोंडी काय घालतो यांतला फरक त्या एका प्रसंगातून जितका कळतो तितका दहा लेखांतून कळत नाही.

श्रवणवेडा:
माहिती रंजक आहे, पण त्यातून माझा टेनरवादक सापडत नाही.

आडताल:
मी स्वतः टेनर वाजवतो, म्हणून सांगतो की वादक ओळखायचा असेल तर त्याच्या जलद तानांच्या मागे लागू नये. स्वर सुरू कसा होतो आणि संपतो कसा, एवढेच ऐकावे. कोलमन हॉकिन्स यांचा स्वर भरीव असतो आणि त्यांचे कंपन रुंद असते. लेस्टर यंग यांचा स्वर हलका असतो आणि त्यात कंपन फारसे नसते. बेन वेबस्टर संथ धुनेत स्वर सोडतात तेव्हा शेवटी फुंकर स्पष्ट ऐकू येते. कधी कधी स्वर संपून फक्त हवाच उरते. डेक्स्टर गॉर्डन लयीच्या किंचित मागे राहून वाजवतात आणि मध्येच भलत्याच गाण्याची एखादी ओळ घुसवतात. तुम्हाला नाव ओठांवर असल्यासारखे वाटते आणि वादन जलद आहे, यावरून माझा कौल गॉर्डन यांना आहे.

त्रयस्थ:
आपला कौल दर वेळी गॉर्डन यांनाच असतो. धागाकर्त्याने लयीच्या मागे राहण्याचा उल्लेख कुठेही केलेला नाही आणि भलत्या गाण्याची ओळही सांगितलेली नाही. मग हा निष्कर्ष कशावरून काढला?

आडताल:
जिथे माहितीच दिलेली नाही तिथे अनुभवाचा आधार घ्यावा लागतो.

मंद्रसप्तक:
त्यापेक्षा माहिती मिळवणे सोपे आहे. श्रवणवेडा, आपण पुढीलप्रमाणे ऐकून पाहावे. सॅक्सोफोन आणि ढोल दोन्ही विसरून फक्त बास धरावा. बासवादक एका बारात चार ठोके चालतो. ते मोजत राहिलात की आठ-आठ बारांचे तुकडे आपोआप जाणवू लागतात. पहिले दोन तुकडे सारखे वाटतील, तिसऱ्यात जमीन बदलल्याचे कळेल आणि चौथ्यात पुन्हा घरी आल्यासारखे वाटेल, तर ते बत्तीस बारांचे आवर्तन आहे. बाराव्या बारानंतरच पुन्हा सुरुवात होत असेल तर तो ब्लूज आहे. वादकाच्या स्वराबद्दल मतभेद होऊ शकतात, मोजण्याबद्दल होत नाहीत. म्हणून मी नेहमी आधी धून शोधतो आणि मग माणूस.

श्रवणवेडा:
मोजले. बत्तीस बार आहेत आणि तिसरा तुकडा वेगळा आहे. सुरुवातीच्या धुनेत तुटक-तुटक, उड्या मारणारी छोटी वाक्ये आहेत, पण तिसऱ्या तुकड्यात धून नाहीशीच होते आणि तेवढे आठ बार नुसते आयत्या वेळचे वादन चालते. पियानोबद्दल विचारले होते म्हणून सांगतो: ट्रंपेटच्या एकलवादनात पियानो बराच वेळ गप्प असतो आणि मुख्यतः तिसऱ्या तुकड्यात साथीला येतो.

मंद्रसप्तक:
ट्रंपेट? ट्रंपेटचा उल्लेख आपण आत्ता पहिल्यांदा करत आहात!

श्रवणवेडा:
ट्रंपेट माइल्स डेव्हिस यांचा आहे. म्यूट (ट्रंपेटच्या तोंडाशी बसवायचे, आवाज दाबणारे साधन) लावलेला तो बारीक, धातूसारखा आवाज पहिल्या दोन स्वरांतच ओळखू येतो. ती अडचण नव्हतीच, म्हणून लिहिले नाही. अडचण सॅक्सोफोनची आहे.

आडताल:
हे पहिल्या ओळीत लिहिले असते तर मी गॉर्डन यांचे नाव घेतलेच नसते.

मंद्रसप्तक:
असो. आता धून सांगता येते. आपण वर्णन केलेली चौकट ही जॉर्ज गर्श्विन यांच्या "आय गॉट रिदम" या १९३० सालच्या गाण्याची आहे. जॅझवादक तिला "रिदम चेंजेस" म्हणतात. मूळ गाण्याच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) तशाच ठेवून त्यांवर नवी धून बसवायची ही पद्धत बीबॉप या जॅझशैलीच्या काळात सर्रास होती. कॉर्डच्या मालिकेवर कुणाचा हक्क लागत नाही, त्यामुळे नव्या धुनेला नवे नाव देऊन ध्वनिमुद्रण करणे कंपनीला आणि वादकांना दोघांनाही सोयीचे होते. या एका चौकटीवर ड्यूक एलिंग्टन यांच्या "कॉटन टेल"पासून "अँथ्रोपॉलॉजी"पर्यंत अनेक धुना उभ्या आहेत, म्हणून ऐकणाऱ्याला सगळ्याच ओळखीच्या वाटतात आणि नाव एकाचेही आठवत नाही. तुमच्या बाबतीत नेमके हेच झालेले दिसते. खात्री करायची असेल तर तिसऱ्या तुकड्यात बास ऐका: बी फ्लॅट ही पट्टी असेल तर डी, जी, सी आणि एफ या चार सेव्हन्थ कॉर्ड प्रत्येकी दोन बार येतील. तुटक वाक्ये आणि धून न लिहिता मोकळा सोडलेला तिसरा तुकडा ही दोन लक्षणे एकत्र आली, तर ती सनी रोलिन्स यांची "ओलिओ" आहे.

श्रवणवेडा:
ओलिओ! हेच नाव आठवत नव्हते. मग टेनर कोण?

कोमल_निषाद:
यात विचारण्यासारखे काय आहे? पन्नाशीच्या दशकातला माइल्स डेव्हिस यांचा म्यूट आणि शेजारी टेनर म्हटले की जॉन कोल्ट्रेन. अल्बम "रिलॅक्सिन". उत्तर पाठवून मोकळे व्हा.

आडताल:
घाई करू नका. डेव्हिस यांनी ही धून १९५४ साली २९ जूनच्या सत्रातही मुद्रित केलेली आहे आणि तिथे टेनरवर स्वतः रोलिन्स आहेत. त्या एका सत्रात रोलिन्स यांच्या "एअरजिन", "ओलिओ" आणि "डॉक्सी" या तिन्ही धुना झाल्या; पुढे त्या "बॅग्ज ग्रूव्ह" या अल्बमवर आल्या. कोल्ट्रेन असलेले मुद्रण २६ ऑक्टोबर १९५६ चे आहे. म्यूट दोन्हीकडे आहे आणि ट्रंपेटखालून पियानो काढून घेण्याची युक्तीही दोन्हीकडे आहे. तेव्हा धागाकर्त्याने आतापर्यंत दिलेली एकही खूण या दोघांत निवड करायला पुरेशी नाही.

तबकडी:
ध्वनीवरून ओळखण्याचा प्रयत्नही फुकट जाईल. दोन्ही सत्रे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक येथे, आपल्या आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात केलेली आहेत आणि दोन्ही मोनो (एकाच ध्वनिवाहिनीची) आहेत. ऐकताना मोनो मुद्रणासाठी योग्य सुई वापरावी. स्टीरिओ सुईने जुन्या तबकडीची खरखर वाढते. सुयांचे प्रकार हवे असतील तर मी सविस्तर लिहू शकेन.

श्रवणवेडा:
माझ्याकडे फाइल आहे, तबकडी नाही. सुई नको.

त्रयस्थ:
कोल्ट्रेन आणि रोलिन्स यांच्यात गफलत होऊच शकत नाही, असे मला वाटते. ज्याला हे दोघे वेगळे ओळखता येत नाहीत त्याने या खेळात का पडावे?

आडताल:
१९६० नंतरच्या कोल्ट्रेन यांच्याबद्दल आपले म्हणणे मान्य आहे. पण १९५६ चे कोल्ट्रेन अजून घडत होते. ते डेव्हिस यांच्या पथकात येऊन वर्षच झाले होते. एकेकाळी चांगल्या कानांचे लोकही येथे अडले आहेत. फरक ऐकायचा असेल तर जागा ऐकाव्यात. रोलिन्स थांबतात. एक छोटे वाक्य वाजवतात, दोन ठोके मोकळे सोडतात, मग तेच वाक्य लयीत पुढे-मागे सरकवून पुन्हा वाजवतात. स्वर गोल आणि थोडा कोरडा असतो. त्या काळातल्या कोल्ट्रेन यांच्या स्वराला कडा असते, तो पातळ पण टणक लागतो, आणि ते एका कॉर्डमध्ये बसतील त्याहून जास्त स्वर कोंबायचा प्रयत्न करतात. कधी वाक्य सुरू करून त्यांना ते पटत नाही आणि लगेच दुसऱ्या दिशेने वळवतात, हेही ऐकू येते.

मंद्रसप्तक:
मी याला पियानोची जोड देईन, कारण टेनरच्या स्वरावर वाद होईल, पियानोवर तितका होणार नाही. १९५४ च्या सत्रात होरेस सिल्व्हर आहेत आणि १९५६ मध्ये रेड गार्लंड. सिल्व्हर यांचा डावा हात खालच्या पट्टीत ठोसे मारतो आणि उजव्या हातात ब्लूजची वाक्ये असतात. गार्लंड यांचा उजवा हात स्वच्छ, घंटेसारखा वाजतो आणि एकूण हालचाल मऊ असते. ढोलावर १९५४ मध्ये केनी क्लार्क आहेत. त्यांची झांज सलग वाहत राहते. १९५६ मधल्या फिली जो जोन्स यांचे काठीचे आघात जास्त टोकदार असतात आणि ते वादकाशी उघडपणे बोलतात.

श्रवणवेडा:
दोन्ही मुद्रणे शोधून माझ्या तुकड्याशी ताडून पाहू का?

त्रयस्थ:
मग तो खेळ राहिला कुठे?

मंद्रसप्तक:
आधी फक्त आपलाच तुकडा ऐकून मत बनवावे, मग ताडावे. उलट क्रमाने केले तर कान स्वतः ऐकायचे सोडून देतो.

श्रवणवेडा:
ऐकले. पियानोच्या एकलवादनात डावा हात खाली मध्येच गुरगुरतो, म्हणजे अगदी आडमुठेपणाने एक-एक जाड कॉर्ड टाकतो, आणि उजवा हात ब्लूजकडे झुकतो. टेनर एका जागी चक्क थांबला आहे; बास एकटा चालतो, आणि मग टेनर आधीचेच वाक्य एका ठोक्याने उशिरा घेऊन परत येतो. मी इतके दिवस त्या जागेवर "हा माणूस कोण" असे म्हणत होतो आणि ती जागाच उत्तर देत होती. कडा मला कुठेही ऐकू आली नाही. त्यानंतर १९५४ चे मुद्रण लावून पाहिले. तेच आहे.

आडताल:
म्हणजे धून लिहिणाराच ती वाजवतो आहे.

कोमल_निषाद:
तरीही ॲपने एवढे सगळे काही सेकंदांत सांगितले असते.

त्रयस्थ:
ॲपने थांबलेली जागा ऐकवली नसती.

तबकडी:
"रिलॅक्सिन"चा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: त्याच अल्बमवर "इफ आय वेअर अ बेल" सुरू होण्याआधी डेव्हिस स्टुडिओत म्हणतात की आधी वाजवतो, काय आहे ते नंतर सांगेन. आपल्या खेळाला याहून चांगले घोषवाक्य मिळणार नाही. सुयांबद्दलचा लेख मी वेगळ्या धाग्यात टाकतो.

श्रवणवेडा:
गटाच्या संयोजकाने आता बासवादकही विचारला आहे. १९५४ चा सांगावा.

मंद्रसप्तक:
पर्सी हीथ. हेही पाठवताना वर्ष लिहायला विसरू नका, नाहीतर संयोजक कोल्ट्रेन यांचे मुद्रण समजतील आणि पॉल चेंबर्स लिहिले नाही म्हणून गुण कापतील.