नाल नसलेल्या घोड्यांचे खूर छाटायला नालबंद घरी येतोय, तयारी काय ठेवू?

शहाद्याचा_मळा
राम राम मंडळी. मळ्यात दोन घोड्या आहेत, एक 4 वर्षांची काठेवाडी, दुसरी 11 वर्षांची मारवाडी. दोघींना नाल नाही, शेतरस्त्यावर फेरी एवढंच काम. नालबंद पुढच्या आठवड्यात येतोय, पण त्याचं रोजचं काम लग्नाच्या घोड्यांना नाल ठोकायचं. जागा कशी लागते, त्याला काय सांगायचं आणि परत किती दिवसांनी बोलवायचं? उन्हाने खूर दगडासारखे झालेत.

कानसवाला
भाऊ, त्याचा हात चांगला असेल, पण सवय वेगळी असते. नाल बसवायची म्हणून तळ सपाट करायचा, तळवा खरवडायचा, मधली त्रिकोणी गादी कापून सुबक करायची. नालेवर ते चालून जातं, कारण तिथे वजन नाल घेते. मोकळ्या पायाला खड्यांपासून वाचवतो तो हाच तळवा. तो पातळ केला की घोडी मुरमावर पाय झटकत चालते आणि दोष 'बिननालेच्या घोडी'वर येतो.

म्हणून सुरी काढायच्या आधीच सांगा: तळव्याचा आपोआप सुटणारा भुसभुशीत थर काढा, टणक लागला की थांबा. गादीच्या लोंबत्या चिंध्या तेवढ्या कापायच्या. भिंत, म्हणजे खुराचं बाहेरचं कडक कवच, तळव्यापेक्षा 2-3 मिमी उंच ठेवायची आणि बाहेरची कड कानशीने गोल करायची. कड धारदार राहिली तर टवके उडतात, चीर वर चढते. पुढचा भाग लांबला असेल तर खालून उंची कापून उपयोग नाही, तो समोरून मागे आणावा लागतो. लांब नोक प्रत्येक पावलाला तरफेसारखी उचकटते आणि भिंत पांढऱ्या रेषेपासून (भिंत आणि तळवा जुळतात तिथली) सुटत जाते. दोन्ही टाचांची उंची सारखी. चकाकीसाठी सगळ्या भिंतीवर वरपासून कानस फिरवू देऊ नका, बाहेरचा संरक्षक थर जातो.

काम सुरू करण्याआधी दोघींना कडक जमिनीवर सरळ चालवा आणि बाजूने बघा. टाच आधी टेकली तर ठीक. नोक आधी टेकत असेल तर टाचेत दुखतंय किंवा गादी सडलीय, ते आधी शोधा. छाटणीनंतर पुन्हा चालवून फरक बघा.

जागा सपाट, कोरडी, सावलीची, 10-12 फूट मोकळी. काळ्या मातीवर नको, ती खुराला चिकटते आणि पातळी दिसत नाही. कडक खुरांसाठी छाटणीआधी अर्धा तास ओली पोती गुंडाळा, रात्रभर नाही. घोडी आखूड बांधू नका. दोरी माणसाच्या हातात, आणि तो माणूस नालबंदाच्याच बाजूला उभा, म्हणजे घोडी वळली तरी दोघांवर येत नाही. मोठ्या घोडीचे मागचे पाय जास्त उंच किंवा बाहेर ओढायचे नाहीत, मधे मधे खाली टेकवू द्यायचे.

खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिमी वाढतो, म्हणून 6 ते 8 आठवड्यांनी बोलवा. पुढची भिंत पूर्ण नवी यायला जवळपास वर्ष लागतं, त्यामुळे एकदाची चुकीची छाटणीही बरेच महिने दिसते.

गुरांचे_डॉक्टर
वरच्या सल्ल्यात दोन गोष्टींची भर. पावसाळ्यात काळ्या चिखलात उभं राहून गादीच्या खाचेत सड होते: काळा ओला मळ आणि उग्र वास. रोज टाचेकडून नोकेकडे आकड्याने साफ करा, कोरडं करा, पोव्हिडोन आयोडीन लावा. मोरचुदाची पूड थेट खाचेत भरायची पद्धत आहे, ती जिवंत मांस जाळते.
दुसरं, खूर गरम आणि पायाची नाडी जोरात लागतेय, घोडी पुढचे पाय पुढे टाकून वजन मागे घेतेय, तर छाटणी थांबवून पशुवैद्य बोलवा. धान्य-गूळ एकदम वाढवल्यावर असं होऊ शकतं. धनुर्वाताची लस झालेली असू द्या, खिळा-काचेची जखम कधीही होते.

शहाद्याचा_मळा
आभारी आहे. नालबंद दोन महिन्यांशिवाय फिरकत नाही. मधे मी कानस चालवू का? आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला न्यायचा विचार आहे.

कानसवाला
कड गोल करण्यापुरती चालवा, दोन आठवड्यांनी एकदा. पुढचा पाय स्वतःच्या गुडघ्यांमधे, मागचा मांडीवर घ्या. कानस 45 अंशात, बाहेरच्या कडेवर हलके दहाएक फटके. पांढऱ्या रेषेच्या आत जायचं नाही. टाचा आणि उंची नालबंदासाठी राहू द्या. गुलाबी ठिपका दिसला की लगेच थांबा.
यात्रेच्या आदल्या दिवशी छाटणी नको, आठवडाभर आधी उरका. ताज्या छाटणीवर काही घोड्या दोन-चार दिवस नाजूक चालतात. आणि डांबरी रस्त्याने लांब नेणार असाल तर टेम्पोनेच न्या, डांबरावर कडा भराभर झिजतात.