खोकी उघडायच्या आधीच सुई-दोरा काढा

नव्या घरात गेल्यावर सगळं सामान लागल्यावरच विणकामाला हात लावायचा असं म्हणतात, हे काही पटलं नाही मला. नव्या घरात पहिले काही दिवस भिंती अगदी परक्या वाटतात ना, खरं तर तेव्हाच हातात काहीतरी हवं असतं. मी शिफ्ट झाले तेव्हा क्रोशाची सुई आणि सुताचे गुंडे मुद्दाम वेगळ्या पिशवीत ठेवले होते, रोज रात्री खोकी उपसून दमले की खिडकीत बसून चार ओळी विणायच्या, असं करत करत उशीचं कव्हर झालं आणि ते घातलं त्या दिवशी ती खोली माझी वाटली, खरंच.

वॉल हँगिंगची मात्र घाई नको. ऊन कुठल्या भिंतीवर येतं ते आधी बघा, रंग विटतात. मॅक्रमे, म्हणजे दोरीला गाठी मारून केलेली वीण, करणार असाल तर दोरी तयार लांबीच्या साधारण 4 पट घ्या, मधोमध दुमडून अडकवणार असाल तर 8 पट, माझी पहिल्यांदा शेवटच्या गाठींना पुरलीच नाही, सगळं सोडवावं लागलं. आणि सुती दोरा धुतल्यावर आटतो, म्हणून छोटा नमुना विणून, धुऊन मगच माप धरा. तो नमुना कपाखाली ठेवायला छान होतो.