मदत हवी आहे: परीक्षा पुढच्या महिन्यात, प्रॅक्टिस टेस्टमध्ये वेळच पुरत नाही

खानापूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. नेटवर्किंगची परीक्षा द्यायचीय, पैसे भरून झाले, तारीख पुढच्या महिन्यातली आहे. व्हिडिओ सगळे बघितलेत, वह्या भरून नोट्स काढल्यात, तरी प्रॅक्टिस टेस्ट लावली की वेळ संपतोय आणि प्रश्न उरतायत, मार्क तर साठच्या पुढं सरकायलाच तयार नाहीत. घरात एकदाच पैसे भरायची ऐपत होती, परत मागायला तोंड नाही. काय वाचू ते कुणीतरी पटकन सांगा. घरातनं देऊ का सेंटरला जाऊ तेपण सांगा. डोकं फिरायची वेळ आलीय.

लूपबॅक
कुठली परीक्षा? राउटर-स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीची सीसीएनए, कॉम्पटियाची नेटवर्क प्लस, का सिस्कोचीच सुरुवातीची सीसीएसटी? नेटवर्किंगची परीक्षा म्हटलं तर आम्ही काय सांगणार.

निपाणीकर
नेटवर्क प्लस दे. मी तीच दिली. ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० च्या मापात ७२० ला पास, सगळं आधीच छापून दिलेलं असतं. एकाच कंपनीच्या कमांड पाठ करत बसायचं नाही. सुरुवात करणाऱ्यानं तिथनंच करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

खानापूरचा_पोरगा
सीसीएनएच हो, दुसरं काय असणार. पैसे भरलेत म्हणून सांगितलं की वर.

निपाणीकर
मग पुढच्या वेळी नेटवर्क प्लस.

अनगोळची_ताई
पुढच्या वेळचं पुढच्या वेळी बघू, पोरानं आत्ता ३०० डॉलर आणि वर टॅक्स भरलाय. भावा, मार्क साठ म्हणजे कशात साठ? ही परीक्षा सहा भागांची आहे. नेटवर्क फंडामेंटल्स २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी २५, आयपी सर्व्हिसेस १०, सिक्युरिटी १५, ऑटोमेशन १०. प्रत्येक भागाचे तुझे मार्क वेगळे काढून टाक इथं. ते कळल्याशिवाय "काय वाचू" ला उत्तर नाही. आणि हाताने लॅब, म्हणजे स्वतः कॉन्फिगर करून बघायचे सराव, किती केल्यास? व्हिडिओ बघितलेले मोजू नकोस.

उद्यमबाग_आयटी
लॅबसाठी जुने राउटर-स्विच घे. खऱ्या मशीनवर हात बसल्याशिवाय काही डोक्यात राहत नाही. कन्सोल केबल लावायची, पासवर्ड रिकव्हरी करायची, पोर्टचा दिवा केशरीचा हिरवा होताना बघायचा. कंपन्या जुना माल काढतात तेव्हा स्वस्तात मिळतो. दोन स्विच आणि दोन राउटर एवढ्यात बरंच काही होतं.

लूपबॅक
परीक्षा महिन्यावर आहे आणि तुम्ही त्याला भंगार शोधायला पाठवताय होय. पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरच राउटर-स्विच जोडून बघायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीवर खातं उघडलं की डाउनलोड होतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. सीसीएनएला लागणारं जवळजवळ सगळं त्यात होतं.

उद्यमबाग_आयटी
पॅकेट ट्रेसर म्हणजे नक्कल. निम्म्या कमांड त्यात चालतच नाहीत. उद्या कंपनीत रॅकसमोर उभा राहिला की कळेल. मी अशी पोरं रोज बघतो, सर्टिफिकेट हातात आणि ट्रंक पोर्ट, म्हणजे एकाच केबलवरनं अनेक नेटवर्क नेणारा पोर्ट, कुठला ते सांगता येत नाही.

लूपबॅक
निम्म्या नाही, काही थोड्या. आणि त्या परीक्षेत येत नाहीत.

झटपट_पास
मित्रा टेन्शन घेऊ नको, माझ्याकडं डंपची, म्हणजे परीक्षेतनं बाहेर आलेल्या प्रश्नांची, पीडीएफ आहे, मेसेज कर. प्रश्न तेच येतात.

अनगोळची_ताई
नको करूस हे. परीक्षेच्या आधी गुप्ततेच्या करारावर होय म्हणावं लागतं, डंप वापरलेलं सापडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं. शिवाय आता परीक्षेत लॅबचे प्रश्न असतात, समोर राउटरची काळी खिडकी उघडते आणि त्यात प्रत्यक्ष कॉन्फिगर करायचं असतं. तिथं पीडीएफ काय करणार? मी इथं एका कारखान्याचं नेटवर्क बघते, मुलाखतीला आलेल्यांना मी एवढंच विचारते की व्हीलॅन ३० (एकाच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) ट्रंकवरनं जात नाहीये, पहिली कमांड कुठली मारशील. पाठ करून आलेला तिथंच गप्प होतो.

खानापूरचा_पोरगा
डंप नकोच मला. ताई, भागवार मार्क: फंडामेंटल्स ५५, ॲक्सेस ७५, कनेक्टिव्हिटी ४५, सर्व्हिसेस ७०, सिक्युरिटी ७०, ऑटोमेशन ६०. सबनेटिंगच्या, म्हणजे नेटवर्कचे छोटे तुकडे पाडायच्या गणिताच्या, प्रश्नाला तीन-चार मिनिटं जातात, बायनरी मांडून करतो, उत्तर बरोबर येतं पण तोवर वेळ गेलेला असतो. लॅब व्हिडिओत बघून बघून केल्यात, सोबत टाइप करत.

लूपबॅक
हे आधी सांगायचं होतंस. दुखणं सापडलं. बायनरी सोडून दे, ब्लॉक साइजनं कर. उदाहरण घे १७२.१६.३५.१२३/२०. वीस म्हणजे नेटवर्कचे बिट: पहिले दोन ऑक्टेट (ठिपक्यांमधले आठ-आठ बिटांचे आकडे) पूर्ण आणि तिसऱ्यातले चार बिट, तिसऱ्या ऑक्टेटचा मास्क (नेटवर्कचे बिट किती ते दाखवणारा आकडा) २४०. २५६ वजा २४०, ब्लॉक १६ चा. तिसऱ्या ऑक्टेटमध्ये सोळा-सोळानं चढ: ०, १६, ३२, ४८. आपले ३५ हे ३२ आणि ४८ च्या मध्ये. म्हणजे नेटवर्क १७२.१६.३२.०, आणि पुढचं ४८ ला सुरू होतंय म्हणून ब्रॉडकास्ट (त्या नेटवर्कमधला सगळ्यांना पाठवायचा शेवटचा पत्ता) १७२.१६.४७.२५५. होस्टचे, म्हणजे मशीनच्या पत्त्यांचे, बिट १२ उरले, ४०९६ वजा २, ४०९४. झालं. रोज सकाळी चहा पिता पिता असे वीस सोडव, आठवड्यात अर्ध्या मिनिटावर येशील.

निपाणीकर
बायनरी येत नसेल तर ब्लॉक साइजचा पाठांतराचाच प्रकार होतो. वाइल्डकार्ड मास्क आला की अडकेल.

लूपबॅक
त्याला बायनरी येतंय, त्यानं लिहिलंय की वर उत्तर बरोबर येतं म्हणून. आणि वाइल्डकार्ड म्हणजे २५५ मधनं मास्क वजा. २४० चं १५.

निवृत्त_गुरुजी
मी या विषयातला जाणकार नाही, परंतु सीमाभागात मराठी शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ शिकवले आहे म्हणून लिहितो. मराठी माध्यमातील मुले इंग्रजी प्रश्न वाचताना आधी मनात मराठी करतात, मग उत्तर शोधतात, आणि निम्मा वेळ त्यातच जातो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगत असे, लांब प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचा, नेमके काय विचारले आहे ते तिथे असते, मग वरचा मजकूर वाचा. घरात, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड आणि परीक्षेत इंग्रजी, असा तिहेरी भार ही मुले वाहतात, याची जाणीव कोणालाच नाही. शासनाने...

चिकोडीचा_वाटसरू
गुरुजी अगदी बरोबर बोललात. आमच्याकडं पण हेच. मुळात मराठी शाळांना शिक्षकच

लूपबॅक
गुरुजी, शेवटची ओळ आधी वाचायचं लाख मोलाचं सांगितलंत, मी परीक्षा दिली तेव्हा हेच करायचो. शाळांसाठी वेगळा धागा काढा, मी पण येतो लिहायला. ही परीक्षा इंग्रजी आणि जपानीतच असते, तेव्हा दुसरा मार्ग नाही. आणि पोरा, यात पुढं गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. एका प्रश्नावर अडून बसलास तर पुढचे सगळे बुडतात. नाही येत तर उत्तर टिचकी मारून निघायचं. एकूण १२० मिनिटं आहेत.

खानापूरचा_पोरगा
मागं जाता येत नाही हे खरंच? कोण सांगितलंच नव्हतं. बरं ताई, तुम्ही म्हणाला म्हणून काल व्हिडिओ न लावता ओएसपीएफची (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात ती पद्धत) लॅब केली. दोन राउटर, मध्ये एक केबल. पिंग जातंय, पण नेबरच होईना, म्हणजे राउटर एकमेकांना शेजारी म्हणून ओळखेनात. शो आयपी ओएसपीएफ नेबर मारलं की रिकामं. एरिया दोन्हीकडं शून्य. रात्रभर डोकं लावलं.

अनगोळची_ताई
शाब्बास, आता खरा अभ्यास सुरू झाला. दोन्हीकडचं कॉन्फिग टाक. शो आयपी इंटरफेस ब्रीफ नको, शो रन.

खानापूरचा_पोरगा
पहिल्या राउटरवर: आयपी ॲड्रेस १०.१.१.१ २५५.२५५.२५५.२५२, नेटवर्क १०.१.१.० ०.०.०.३ एरिया ०.
दुसऱ्यावर: आयपी ॲड्रेस १०.१.१.२ २५५.२५५.२५५.०, नेटवर्क १०.१.१.० ०.०.०.२५५ एरिया ०.
हॅलो-डेड टायमर (हॅलो किती सेकंदांनी पाठवायचा आणि शेजारी गेला असं कधी धरायचं) बदललेले नाहीत, १० आणि ४० च आहेत.

उद्यमबाग_आयटी
केबल बदलून बघ. क्रॉसओव्हर लागते राउटर ते राउटर.

अनगोळची_ताई
पिंग जातंय म्हटल्यावर केबलचा प्रश्नच नाही. दोन्ही मास्क शेजारी ठेवून बघ, एकीकडं /३० आणि एकीकडं /२४. दोघांनाही समोरचा आपल्याच सबनेटमध्ये दिसतो म्हणून पिंग बिनबोभाट जातंय. पण इथरनेटवर ओएसपीएफ हॅलो पॅकेटमधनं मास्क पण पाठवतो, आणि तो जुळला नाही की समोरचा हॅलो टाकून देतो. आणि शो आयपी इंटरफेस ब्रीफ मध्ये मास्क दिसतच नाही, त्यामुळं रात्रभर बघूनसुद्धा सापडणार नव्हतं. शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस मारायचं, त्यात ॲड्रेस मास्कसकट येतो, एरिया येतो, टायमर येतात, सगळं एका जागी. दुसऱ्या राउटरचा मास्क बदल आणि सांग.

खानापूरचा_पोरगा
झालं!!! फुल्ल दाखवतंय. ताई व्हिडिओत कधी असं बिघडतच नाही, त्यांचं पहिल्या फटक्यात चालतंय.

अनगोळची_ताई
म्हणूनच. आता रोज एक चालू लॅब घे आणि स्वतः मोड. कनेक्टिव्हिटीला ४५ आहेत तुला आणि तोच भाग सगळ्यात मोठा, तिथंच महिना घाल. आज एरिया बदल, उद्या हॅलो टायमर बदल, परवा पॅसिव्ह इंटरफेस (त्या पोर्टवरनं हॅलो बंद) लाव, आणि प्रत्येक वेळी शो कमांडमध्ये काय बदललं ते वहीत लिही. मग ट्रंक. अलाउड व्हीलॅनच्या यादीत ३० घालायचा असेल तर "ॲड" शब्द लिहायचा, तो विसरला की जुनी यादी पुसून एकटा ३० उरतो. हे तुझ्या हातनं घरात एकदा घडू दे, कारखान्यात घडलं तर सगळा मजला बंद पडतो.

लूपबॅक
राउटिंग टेबलची सवय पण कर. आधी सगळ्यात लांब जुळणारा प्रीफिक्स (पत्त्याचा नेटवर्कचा भाग) बघतात, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रूट कुठनं शिकला त्यावरचा भरवशाचा आकडा, कमी तो चांगला) नंतर, तोसुद्धा तोच प्रीफिक्स दोन ठिकाणांहून शिकला असेल तरच. पोरं स्टॅटिक (हाताने लिहिलेला रूट) १, ओएसपीएफ ११० पाठ करतात आणि /२४ च्या स्टॅटिकवर टिचकी मारतात, खाली /२८ चा ओएसपीएफ रूट बसलेला असतो.

चिकोडीचा_वाटसरू
पास झालास तर पुण्याला जा, बेळगावात या कामाला पगार नाही.

निपाणीकर
बंगळूर जवळ वाटत नसलं तरी तिथं काम जास्त. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री बसलं की सकाळी हजर.

अनगोळची_ताई
बेळगावात पण काम आहे, मी करतेच आहे. पण ते आत्ता कुणी विचारलेलं नाही. त्याचा दुसरा प्रश्न राहिलाय, घर का सेंटर. भावा, घर नक्की कुठं? खानापूर गावात का आत?

खानापूरचा_पोरगा
आत, जांबोटीच्या बाजूला. पावसात लाईट जाते-येते. नेट मोबाईलचंच.

अनगोळची_ताई
मग विचारूच नको, सेंटर. घरातनं दिली तर खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, टेबल रिकामं लागतं, नेट तुटलं की जीव टांगणीला. आणि तुझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घरी कागद-पेन घेऊ देत नाहीत, स्क्रीनवरच्या फळ्यावर माउसनं लिहावं लागतं. सेंटरला पुसता येणारी पाटी आणि मार्कर मिळतो. तुझं सबनेटिंग त्या पाटीवर होणार आहे, तेव्हा घरी सरावपण कागदावर कर. पिअर्सन व्ह्यूच्या, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या, साइटवर आपलं ठिकाण टाकलंस की जवळची सेंटरं अंतरासकट दिसतात. लांबचं निघालं तर आदल्या दिवशी जाऊन राहा, सकाळच्या पहिल्या एसटीच्या भरवशावर जाऊ नकोस.

आणि खात्यावरचं नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळतंय का बघ. आपल्याकडं एका कार्डावर आडनाव असतं, दुसऱ्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. दारातनं परत पाठवतात.

खानापूरचा_पोरगा
बाप रे. लायसन्सवर आडनाव नाहीय माझं, खात्यावर आहे. आजच दुरुस्तीला टाकतो. आणि मी घरातनं म्हणून बुक केलेलं, ते बदलता येतंय का?

लूपबॅक
वेळेच्या २४ तास आधीपर्यंत तारीख बदलता येते. घरचं सेंटरला करायचं तर रद्द करून नवीन घ्यावं लागेल बहुतेक, त्यांच्या चॅटवर आधी विचार आणि मगच बटण दाब. नावाचं आधी उरक, त्याला दिवस लागतात.

झटपट_पास
पास किती मार्काला आहे ते तरी सांगा कोणीतरी.

लूपबॅक
सिस्को पासचा आकडा जाहीर करत नाही. नापास झालं तर पाच दिवस थांबून, परत पूर्ण फी भरून. पास झालं की तीन वर्षं चालतं.

खानापूरचा_पोरगा
नावाचा अर्ज टाकला. चॅटवाल्यांनी आधी रद्द करा, पैसे परत आल्यावर सेंटरचं घ्या म्हणून सांगितलंय. आज सबनेटिंगचे वीस झाले, एकेकाला दीड मिनिट लागतंय. पॅसिव्ह इंटरफेसची लॅब मोडली, नेबर गेला पण नेटवर्क तरी समोर दिसतंय का हे कळेना.

अनगोळची_ताई
नेबर गेला तर रूट पण जाणार, टेबल परत बघ, दिसतंय ते डायरेक्ट कनेक्टेड असेल, डावीकडं सी आहे का ओ ते वाच. लॅनच्या (आतल्या कॉम्प्युटरांच्या नेटवर्कच्या) बाजूचा पोर्ट पॅसिव्ह कर आणि राउटरमधला मोकळा सोड, मग नेबर राहतो आणि लॅनचं नेटवर्क समोर ओ म्हणून दिसतं. दोन्ही करून शो आयपी रूट इथं टाक.

उद्यमबाग_आयटी
कुणाला सिस्कोचा जुना २९६० स्विच हवा असेल तर सांगा, एक निघालाय.