[अमेरिकेतल्या मराठी मंडळाची ईमेल-यादी] येऊरसाठी न वाजणारा रेनकोट (शनिवारच्या बॅगेत जागा आहे का?)

प्रेषक: शुभदा (मुक्काम नौपाडा, ठाणे, ऑक्टोबरपर्यंत)

मंडळी,

केतकी शनिवारीच इकडे यायला निघतेय ना? फोन उचलत नाहीये म्हणून इथे लिहितेय. तिच्या बॅगेत एका रेनकोटापुरती जागा हवी आहे.

रविवारी आमचा पक्षी बघणाऱ्यांचा नेहमीचा कंपू येऊरच्या जंगलात गेला होता. पाटोणपाड्याच्या पुढे ओढ्याशी शीळकरी कस्तुर गात होता, शाळा बुडवलेलं पोर शीळ घालत भटकतं ना, तस्सा. मी रेकॉर्डर चालू करून पाच मिनिटं पुतळ्यासारखी उभी राहिले. घरी येऊन ऐकते तर पक्षी कुठेतरी लांब, आणि पुढ्यात चुर्र, फस्स, चुर्र. कोणीतरी वेफर्सचं पाकीट फोडत बसलंय असं वाटावं. ती मी. श्वास घेतला तरी कोट वाजतो. कंपूतला एक मुलगा तर म्हणालाच, "काकू, तुम्ही जरा मागे थांबाल का?"

कोटातून पाणी येत नाही, तक्रार फक्त आवाजाची. नंदू पिकनिकला हरणांच्या शिकारीच्या कोटांबद्दल तासभर बोलत होता, ते न वाजणारे असतात म्हणे. तसला स्वस्तातला कुठला घेऊ? पन्नास डॉलर, फार तर साठ. साईज एम. आत स्वेटर घालायचा नाही, इथे जुलै आहे.

शुभदा

प्रेषक: नंदू

शुभदाताई, माझं भाषण कोणीतरी ऐकत होतं हे कळून भरून आलं.

आवाज येतो तो बाहेरच्या कापडाचा. नेहमीच्या रेनकोटाला बाहेरून घट्ट विणीचं नायलॉन असतं आणि त्याला आतून पाणी अडवणारा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. दोन्ही मिळून ताठ होतात, म्हणून चुरचुरतात. शिकारीच्या कोटाला बाहेरून टी-शर्टासारखं विणलेलं किंवा लव असलेलं पॉलिएस्टर असतं, पापुद्रा त्याच्या मागे. दुकानात लेबल वाचू नकोस. डोळे मिटायचे आणि बाहीवर नखाने ओरखडा काढायचा. 'खर्र' ऐकू आलं की कोट परत हँगरवर. मग हात कानाजवळ नेऊन काखेशी घासायचा. लोक काख तपासत नाहीत, आणि जंगलात नेमकी तीच वाजते.

वेल्क्रो असलेला कोट तर घेऊच नकोस. आमच्याकडे विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो. पहिल्याच वर्षी दोन तास भिजत झाडावर बसलो होतो. हरणी वीस पावलांवर आली आणि मला मनगटाची पट्टी जरा सैल करावीशी वाटली. फर्रर्र. हरणी गेली ती गेलीच.

आता वाईट बातमी. असे कोट नावाजलेल्या ब्रँडचे घेतले तर तीनशे डॉलरच्या पुढे सहज जातात. स्वस्तातल्यांची लव पाणी पिते, आत येत नाही पण अंगावर ओझं होतं. साठ डॉलरात 'स्वस्त', 'मुका' आणि 'कोरडा' यातले दोन मिळतील.

म्हणून मी काय करतो, तर साधा वाजणारा कोट आत आणि त्यावर ढगळ, मऊ फ्लीस, म्हणजे लवदार कापडाचं जॅकेट. बंदुकीच्या हंगामात इथे कमरेवरच्या कपड्यांपैकी निम्मे तरी भडक केशरी किंवा भडक गुलाबी असावे लागतात, नाहीतर दुसऱ्याची गोळी तुला. तेव्हा ते फ्लीस केशरी घेतो, एकात दोन कामं. फ्लीस भिजतं, भिजू दे. आतला कोट कोरडा ठेवतो आणि बाहेरचं फ्लीस त्याचं तोंड दाबून धरतं.

प्रेषक: मालतीकाकू

आषाढी एकादशीच्या आठवड्यात मंडळाच्या यादीवर हरणीला बाण मारायच्या गोष्टी वाचाव्या लागतील असं वाटलं नव्हतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बंद झालं ते उगीच नाही. शुभदा, तू पक्षी बघायला जातेस ना? मग सल्ला तरी त्यातल्या माणसाचा घे.

प्रेषक: नंदू

काकू, हरणी गेली असंच लिहिलंय वर! परवाना काढून, टॅग लावून, संख्या ठरवून दिलेली असते इथे. आणि जे मिळतं ते आम्ही खातो.

प्रेषक: विनय

संक्रांतीच्या पॉटलकला संपलेले पहिले पॅटिस कसले होते ते यादीवर सांगू का, नंदू?

प्रेषक: मालतीकाकू

मी बटाट्याचेच खाल्ले होते.

प्रेषक: खजिनदार

सर्वांना नम्र विनंती. यादीवर वैयक्तिक खरेदी, सामान मागवणे आणि 'कोणी येतंय का' हे विषय काढायचे नाहीत, हे आंब्यांच्या पेट्यांच्या वेळी ठरलं आहे. कशामुळे ठरलं ते सगळ्यांना माहीत आहे. गणपतीच्या हॉलच्या डिपॉझिटला अजून अकरा घरांचे पैसे यायचे आहेत, त्यावर मात्र कोणी एक ओळ लिहीत नाही.

बाकी, नंदूची दोन थरांची युक्ती येऊरला चालणार नाही. उकडून मराल.

प्रेषक: श्रीराम (नेरूळ)

खजिनदारसाहेबांच्या शेवटच्या ओळीपुरतं सहमत.

मी परत येऊन सहावा पावसाळा. येताना तिकडचा महागाचा कोट घेऊन आलो होतो, 'घाम बाहेर टाकतो' म्हणून. तिकडे टाकायचा. पहिल्याच जुलैत कर्नाळ्याला घालून गेलो आणि किल्ल्याच्या वाटेवर अर्ध्या तासात आतून ओलाचिंब. मला वाटलं गळतोय. गळत नव्हता, सगळा माझाच घाम. आतली वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी लागते. पावसाळ्यात इथली हवाच पाण्याने भरलेली, वाफ जाणार कुठे? त्यामुळे त्या श्वास घेणाऱ्या कापडाचे जास्तीचे पैसे इकडे वाया. त्यापेक्षा काखेत चेन असलेला कोट बघा, ती उघडली की खरा वारा लागतो.

लेबलावर १०,००० मिमी वगैरे लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच की कापड दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं. आकडा महत्त्वाचा खांद्यावर, जिथे सॅकचा पट्टा दाबतो, आणि बसता तिथे. शिवणींना आतून टेप नसेल तर मात्र या आकड्याला काही अर्थ नाही. आधी कोट उलटा करून टेप बघा.

अमेरिकेतून मागवायची गरजही नाही. डेकॅथलॉनचा सोलोन्याक हा ब्रँड मुळात शिकारीचाच. इकडे शिकार नाही, तर तेच कपडे प्राणी-पक्षी बघणाऱ्यांसाठी म्हणून मांडलेले असतात. जाऊन नखाची परीक्षा करा, नंदूची ती गोष्ट शंभर टक्के खरी. फक्त लष्करी छापाचं काही घेऊ नका, साधा मळखाऊ हिरवा बरा.

आता थोडं टोचणारं. शुभदाताई, पक्षी सहसा कोटाच्या आवाजाने जात नाहीत. अगदी वरच्या पट्टीच्या आवाजाला त्यांचे कान आपल्यापेक्षा तिखट नसतात, हरणांचे असतात. कर्नाळ्याला तिबोटी खंड्या पावसाळ्यात घरट्याला येतो तेव्हा पंचवीस कॅमेरे खडखडत असतात. तो बिचकतो हात वर गेला की. (घरट्यापाशी मुळात उभंच राहू नये, पण तो वेगळा मेल.) तुमचा प्रश्न माइकचा आहे, कस्तुराचा नाही.

प्रेषक: अण्णा

एवढं सगळं कशाला? छत्री.

प्रेषक: शुभदा

अण्णा, छत्रीवर पाऊस ताशासारखा वाजतो. आणि एका हातात दुर्बीण, दुसऱ्यात रेकॉर्डर.

श्रीराम, माइकचा प्रश्न आहे हेच तर मी लिहिलं होतं! पण हरणांचं नवीन कळलं.

प्रेषक: अण्णा

मग घोंगडी. माझे आजोबा मुरबाडकडे पावसाळाभर घोंगडीची खोळ करून शेतावर जायचे. एक टोक दुमडून डोक्यावर टोपडं, बाकी पाठीवर. लोकरीत मेंढीची चरबी असते, पाणी वरच्या वर ओघळतं. आणि आवाज? शून्य. बांधावर बगळा शेजारी येऊन बसायचा. लावणीला वाकायचं असेल तर इरलं, बांबूच्या कामट्यांचं, वर पानं. पाठ पूर्ण झाकून दोन्ही हात मोकळे. पण इरलं वाजतं, हे मान्य.

प्रेषक: विनय

अण्णा, येऊरच्या गेटवर वनखात्याचा माणूस तुम्हाला घोंगडीत बघून आदराने आत सोडेल. शुभदाला मात्र 'शूटिंगचा परवाना?' म्हणून विचारेल.

प्रेषक: मालतीकाकू

लोकरीचं अण्णांचं बरोबर आहे. शुभदा, घोंगडी हवी असेल तर आमच्या डोंबिवलीच्या घरी माळ्यावर आहे, किल्ली शेजारच्या जोशीणबाईंकडे. डांबराच्या गोळ्यांचा वास येईल, दोन दिवस वाळव.

प्रेषक: शुभदा

वाळव? जुलैत? काकू!

प्रेषक: केतकी

अगं शुभदामावशी, फोन सायलेंटवर होता, सॉरी. जागेचं खरं सांगते. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. त्यात माझं सामान बहुतेक एका बॅगेचा एक कोपरा. बाकी खजिनदारकाकांच्या बहिणीच्या व्हिटॅमिनच्या बाटल्या (यादीवर विचारलं नव्हतं म्हणून नियमात बसतं बहुतेक), विनयदादाच्या भाच्याचे बूट, बदाम, आणि एक मिक्सरचं भांडं, ते कोणाचं ते मलाही आठवत नाही. कोट हलका असेल तर हातातल्या सामानात घालते. पण ऑर्डर गुरुवारपर्यंत माझ्या दारात हवी.

प्रेषक: खजिनदार

त्या बाटल्या औषधात मोडतात.

प्रेषक: शुभदा

केतकी, थांब, मागवू नकोस. काल रात्री एक प्रयोग केला.

बाथरूममध्ये शॉवर सोडला, रेकॉर्डर खुंटीला टांगला, आणि कोट घालून पाच मिनिटं पाण्याखाली उभी राहून हात वर, हात खाली, मान डावीकडे, उजवीकडे. ह्यांनी दारावर टकटक करून विचारलं बरी आहेस ना. मग त्याच कोटावर ह्यांचा जुना सुती सदरा घातला, दंडाला विरलेला, बोहारणीला द्यायच्या ढिगातला. परत पाच मिनिटं.

ऐकलं तर जमीन-अस्मानाचा फरक. नंदूचं फ्लीस इथे उकडलं असतं, सुती सदरा नाही उकडत. उलट ओला होऊन कोटाला असा चिकटतो की कापड हलतच नाही. जड होतो, हे खरं. पण काखेतला 'चुर्र' गेला.

राहिला तो टोपीचा आवाज, अगदी कानाशी. त्यावर पाऊस पडला की पत्र्याच्या शेडखाली बसल्यासारखं. त्याला युक्ती सापडली ती अशी की आत ह्यांची क्रिकेटची टोपी घालायची, पुढे झडप असते ती, आणि कोटाची टोपी मागे ढकलायची, कान बाहेर ठेवून. कान भिजतात. भिजू दे, ऐकायलाच तर गेलोय.

मनगटाचं वेल्क्रो मी उसवलं. नंदू, तुझ्या हरणीच्या आठवणीत. तिथे दोन टिचबटणं लावली.

आणखी एक. कोट नवा असताना बाहेरून पाणी थेंब-थेंब होऊन गळायचं, आता खांद्यावर कापड काळं पडून पाणी धरतं. तो पाणी झटकणारा लेप गेलाय का? की नवीनच घ्यावा लागेल?

प्रेषक: श्रीराम (नेरूळ)

लेप झिजलाय, कोट गेलेला नाही. आधी साध्या पाण्यात दोनदा खळबळून काढा. साबण कापडात राहिला की तोच पाणी ओढतो. फॅब्रिक सॉफ्टनर तर चुकूनही नाही. वाळल्यावर मधे सुती कापड ठेवून मंद इस्त्री, पण आधी लेबलावर इस्त्रीचं चिन्ह बघा. ऊब मिळाली की उरलेला लेप पुन्हा उभा राहतो. त्याने नाही भागलं तर निकवॅक्स कंपनीचं, धुताना पाण्यात घालून नवा लेप चढवायचं औषध येतं ते.

आणि पावसाळा संपला की कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात कोंबू नका. माझा एक तसाच राहिला. पुढच्या जूनला उघडला तर आतल्या थराच्या पापड्या हाताला चिकटून आल्या. दमट हवेत तो थर सडतो. टांगून ठेवा, हवा लागू द्या.

प्रेषक: अण्णा

म्हणजे शेवटी जुना सदराच. घोंगडीच्या एक पायरी खाली.

प्रेषक: केतकी

मग मावशी, ती जागा रिकामी धरू का? मालतीकाकू मगाचपासून फोन करतायत, त्यांना नातवासाठी सीरियलचे तीन डबे पाठवायचेत.

प्रेषक: शुभदा

दे त्यांना. नंदू, तुझं एखादं जुनं पातळ फ्लीस टाकायला निघालं असेल तर मात्र डिसेंबरात घेऊन ये, सकाळी उपवनला थंडी असते.

आज पहाटे येऊरला जाऊन आले. पाऊस मध्यम, कंपूतले दोघंच. तो मुलगा ह्यांच्या सदऱ्याकडे बघून हसला, पण मागे थांबा म्हणाला नाही. कस्तुर ओढ्याच्या पलीकडच्या काठावर होता, सात मिनिटं सलग मिळाला. ध्वनिफीत सोबत जोडली आहे. चौथ्या मिनिटाला लांबून 'पों' ऐकू येतो, तो कोट नाही, टीएमटीची बस आहे.

प्रेषक: खजिनदार

कृपया यादीवर जोडण्या पाठवू नयेत, सगळ्यांचे डबे भरतात.

ऐकली. फार छान. डिपॉझिट अजून नऊ घरांचं बाकी.